काचेची विद्या आणि वाशीमचे तांडे

२०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मोठे शासकीय समारंभ झाले. २० सप्टेंबरला वर्धा येथे पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची वर्षपूर्ती साजरी झाली. ५ ऑक्टोबरला वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. दोन्ही ठिकाणी खुद्द पंतप्रधान उपस्थित होते. पहिला समारंभ कारागिरांच्या भवितव्याचा होता, दुसरा एका समाजाच्या वारशाचा. ह्या दोहोंचा परस्परसंबंध लावून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वारसा हा संग्रहालयाचा विषय आणि कौशल्य हा रोजगाराचा विषय, अशी शासकीय खात्यांची वाटणी झालेली आहे. परंतु बंजारा स्त्रीच्या फेटियावर आणि कांचळीवर टाकलेला आरशाचा तुकडा हाती घेऊन पाहिला, म्हणजे ही वाटणी किती कृत्रिम आहे हे ध्यानात येते. तो तुकडा काचेचा आहे. टाका तांड्यातला, कापड जवळच्या बाजारातले. आणि काच मात्र कोठून येते, ती कोण करतो, ती तशीच का असते, हे ती काच आयुष्यभर अंगावर वागविणाऱ्या स्त्रीस सांगता येत नाही. आपल्या शाळांतील कलाशिक्षकासही ते सांगता येत नाही, कारण ते त्याला कोणी शिकविलेलेच नाही.

विश्वकर्मा योजनेची यादी पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ह्या योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, बुरूड, शिंपी, परीट, न्हावी, हार गुंफणारे, मासेमारीची जाळी विणणारे, एवढेच काय, होड्या बांधणारे आणि कुलुपे करणारेही तीत आहेत. काच करणारा नाही. यादी करणाऱ्यांस दोष देण्याचे कारण नाही. गावगाड्याच्या बलुत्यांत काच करणारा नव्हताच. कासार बांगड्या भरीत असे, पण भरावयाच्या त्या काचेच्या बांगड्या बाहेरून येत. आता तर बहुतांशी त्या उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेहूनच येतात. ज्याचा वारस नाही त्या विद्येचे काय करावयाचे, ह्या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही. ह्या योजनेत पाच ते सात दिवसांचे, चाळीस तासांचे प्राथमिक प्रशिक्षण मिळते. पुढे ज्याला हवे त्याला पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण मिळते. रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात. ज्याच्या घरात तीन पिढ्या आवा लागलेला आहे अशा कुंभाराला हे चाळीस तास उपयोगी पडतील. पण जी विद्या घरात नाही, गावात नाही, तालुक्यातही नाही, ती चाळीस तासांत येत नसते. तिला शाळा लागते.

ही विद्या ह्या भूमीला अगदीच परकी होती काय? अबुल फझलने ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे, आणि तेथील डोंगरांत काच व साबण करण्यास लागणारी सर्व द्रव्ये मिळतात असे नमूद केले आहे. त्याच सुभ्यात बासिम, म्हणजे आजचे वाशीम, हे एक सरकार होते. लोणार आज बुलढाणा जिल्ह्यात असले तरी वाशीम जिल्ह्यातील रिसोडच्या माणसाला ते शेजारचे गाव आहे. लोणारच्या सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे आणि त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याच्या सोड्याचे मूळ द्रव्य, विपुल आहे. ज्याला रसायनशास्त्राची थोडी ओळख आहे त्याला ह्याचे महत्त्व चटकन कळेल. शुद्ध वाळू वितळावयास सुमारे १,७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लाकडाच्या भट्टीत ती मिळत नाही. वाळूत सोडा मिसळला की ती पुष्कळ कमी उष्णतेस वितळते, आणि चुना मिसळला की झालेली काच पाण्यात विरघळत नाही. प्राचीन ईजिप्तमध्ये वादी नात्रून येथील क्षारसरोवरांतील सोड्यावर भूमध्य समुद्राकाठची काच शतकानुशतके झाली. वऱ्हाडातला सोडा त्याच जातीचा होता. तो आता कोणी उपसावा असे सुचविण्याचा हेतू नाही. लोणार सरोवर २०२० साली रामसर स्थळांच्या यादीत आले आहे आणि त्याचे रक्षण होणे हेच इष्ट आहे. शिवाय सोडा आज पोत्यांनी विकत मिळतो. सांगावयाचे एवढेच की, मुघल दरबाराच्या कारभाऱ्यास ह्या मुलखाकडे पाहताना काच आठवत होती.

त्याहून जुना पुरावा उत्खननांतला. तेर, नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी ह्या ठिकाणी काचेचे मणी व बांगड्यांचे तुकडे सापडले आहेत. ह्या सर्व साधनांचा साक्षेपाने अभ्यास करून भारतीय काचेचा इतिहास लिहिला तो डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्या मराठी पुरातत्त्वज्ञाने. त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. विदर्भातील कौंडिण्यपूरचे उत्खनन करणारेही तेच. म्हणजे काचेचा इतिहास लिहिणारा पंडित आपल्याकडे झाला. काच फुंकणारा शिष्य मात्र आपल्या एकाही कलाशाळेने घडविलेला दिसत नाही. ग्रंथ आणि हात ह्यांच्यामधले हे अंतर आपल्या शिक्षणाचे जुने दुखणे आहे.

ते अंतर मिटविण्याचा एक थोर प्रयत्न महाराष्ट्रात झाला होता, आणि तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनी प्रत्येक माणसाकडून एक पैसा घेऊन राष्ट्रीय उद्योगासाठी निधी जमविण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तिचा पुरस्कार केला. लोक हसले असतील. एक पैशाने काय होणार? पण त्या पैशापैशातून १९०८ साली, ज्या साली टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच साली, तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. त्याची तांत्रिक जबाबदारी ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांच्याकडे होती. हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानातले. जपानात आणि पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशाळेत शिकून आलेले. ह्या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की, तो कारखाना होता तशीच शाळाही होती. तेथे विद्यार्थी घेतले जात. भट्टीपुढे उभे राहून ते शिकत. आणि शिकून बाहेर पडलेल्या मंडळींनी देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले अथवा चालविले. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे गेले व तेथे त्यांनी कारखाना उभारला. तळेगावनंतर आठ वर्षांनी, १९१६ साली, औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेली पिढी आता फारशी उरली नाही. कारखानाही राहिला नाही. ओगलेवाडी हे गावाचे नाव तेवढे राहिले आहे.

तळेगावचे महत्त्व भावनेपुरते समजू नये. परदेशी बांगड्यांवर बहिष्कार घाला असे सांगणे सोपे होते. बहिष्कारानंतर बायकांनी काय घालावे, ह्याचे उत्तर देण्यासाठी भट्टी पेटवावी लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते. आणि भट्टी पेटविण्यासाठी माणूस शिकवावा लागतो, हेही.

पुढे सरकारने ह्या उद्योगास कसे वागविले तो इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. १९३१ साली काच उद्योगास संरक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न टॅरिफ बोर्डाकडे सोपविण्यात आला. मंडळाने संरक्षणाची शिफारस केली. सरकारने ती १९३५ साली फेटाळली, आणि कारण असे दिले की, काचेला लागणारा सोडा ह्या देशात होत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. ज्या देशात लोणार आहे त्या देशाला हे उत्तर मिळाले! लोणारच्या सोड्यावर देशाची काच चालली असती असे कोणी म्हणणार नाही. तेवढा तो नव्हता. पण ज्यांनी सोडा बाहेरून येतो म्हणून दार लावले त्यांनीच इंग्लंडात कापसाचे एक बोंड पिकत नसता कापडाच्या गिरण्यांचे साम्राज्य उभारले होते, ह्याची आठवण त्या वेळी पुष्कळांनी त्यांना करून दिली, ती योग्यच होती.

स्वातंत्र्यानंतर काच पुष्कळ झाली. बाटल्या झाल्या, खिडक्यांची तावदाने झाली, प्रयोगशाळांची नळकांडी झाली. कलकत्त्यास १९५० साली काच व मृत्तिका संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. बनारस हिंदू विद्यापीठात काचतंत्राचे शिक्षण त्याआधीपासूनच होते. परंतु ह्या सर्व व्यवस्थेत काच हा तंत्रज्ञाचा आणि मजुराचा विषय राहिला. रचनाकाराचा, ज्याला आपण ‘डिझाइन’ म्हणतो त्या विद्येचा, तो झाला नाही. येथे मातीशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत एकोणिसाव्या शतकातच मृत्तिकाकामाची शाळा सुरू झाली. पुढे इतर कलाशाळांनीही माती आपलीशी केली. परिणाम असा की, आज कुंभाराच्या चाकावर बसलेला पदवीधर आपल्याला विचित्र वाटत नाही; त्याच्या भांड्यांची प्रदर्शने भरतात, ती विकली जातात, आणि त्यातून परंपरेतल्या कुंभारालाही काही नवे सुचते. काचेच्या वाट्याला हे आले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, जी १९६१ साली स्थापन झाली, मृत्तिका आणि काच ह्यांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. तेथे प्रवेश मिळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि वाशीम, मालेगाव, मंगरूळपीर येथून तेथे पोहोचू शकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ह्यांचा हिशेब वाचकांनीच करावा.

माती सुटली आणि काच अडकली, ह्याचे कारण काय? कारण भट्टीत आहे. कुंभाराचा आवा पेटतो आणि विझतो. काचेच्या कुंडाची भट्टी एकदा पेटली की ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. थंड होऊ दिली तर मुशी तडकतात आणि आतला रस दगड होऊन बसतो. म्हणून काच कारखान्याशिवाय शक्य नाही, असे सर्व जगात मानले जात असे. हा समज मोडला तो एका कुंभारकाम शिकविणाऱ्या प्राध्यापकाने. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मातीकाम शिकविणारे हार्वी लिटलटन ह्यांनी १९६२ च्या मार्चमध्ये टोलेडो शहरातील कलासंग्रहालयाच्या आवारात एक लहानशी भट्टी बांधली. पहिला प्रयत्न फसला, रस जमेना. डॉमिनिक लाबिनो नावाच्या काचतंत्रज्ञाने कमी उष्णतेस वितळणाऱ्या काचेच्या गोट्या आणून दिल्या, भट्टीत सुधारणा सुचविल्या, आणि एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या जुन्या फुंकणाऱ्याने नळी हातात कशी धरावी ते दाखविले. एक शिक्षक, एक शास्त्रज्ञ आणि एक वृद्ध कारागीर अशा तिघांनी मिळून एका माणसाच्या आवाक्यात मावणारी काच जगाला दिली. लिटलटन ह्यांनी लगेच आपल्या विद्यापीठात तो विषय सुरू केला, आणि पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेत, युरोपात, जपानात कलाशाळांमधून काचभट्ट्या पेटल्या.

युरोपात बोहेमियाला अमेरिकेकडून शिकावे लागले नाही. तेथील कामेनित्स्की शेनोव्ह ह्या लहान गावात १८५६ सालापासून काचेची शाळा आहे. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता, मद्रासची विद्यापीठे निघण्याच्या एक वर्ष आधीपासून. ज्या गावात काचेचे कोरीव काम होते त्याच गावात ती शाळा काढली गेली. राजधानीत नेली नाही. जपानमधील तोयामा शहराचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. ते औषधांच्या व्यापाराचे शहर. औषधांना बाटल्या लागत म्हणून तेथे काच होत असे. बाटल्यांचा धंदा प्लॅस्टिकने बसविला. तेव्हा शहराने रडत न बसता १९९१ साली नगराच्या खर्चाने काचकलेची संस्था काढली. ह्या दोन्ही ठिकाणी शाळेच्या आधी तेथल्या लोकांच्या हाताखालची एक काच होती.

वाशीमच्या लोकांच्या हाताखाली कोणती काच आहे? आरसा आहे. आणि तिच्याविषयी थोडे तपशिलात सांगणे अवश्य आहे, कारण ह्या सर्व चर्चेचा गाभा तोच आहे.

भरतकामातला जुना आरसा हा तावदानाच्या काचेतून कापलेला नसे. गुजरातेत कपडवंज येथे कारागीर फुंकणीने काचेचा मोठा पातळ फुगा करीत, त्याला आतून धातूचा मुलामा देत, आणि मग तो फोडून त्याच्या तुकड्यांतून लहान आरसे कातरीत. फुगा गोल, म्हणून प्रत्येक तुकड्याला किंचित बाक. बाक असल्यामुळे त्यातले प्रतिबिंब लहान होते आणि उजेड एका दिशेने न फेकता चहूकडे फेकला जातो. घेरदार फेटिया नेसलेली स्त्री चालू लागली, की तो उजेड वस्त्रावर हलतो तो ह्या बाकामुळे. काच पातळ म्हणून वस्त्र जड होत नाही. आज बाजारात मिळणारे बहुतेक आरसे सपाट तावदानाचे, यंत्रावर कापलेले, एकाच मापाचे आणि जाड असतात. कित्येक तर प्लॅस्टिकचे. ते चमकतात, पण एकाच वेळी आणि एकाच दिशेने. टाका तोच, बाई तीच, श्रम तेवढेच. आणि वस्त्र मात्र निस्तेज. हा फरक टाका घालणाऱ्या बाईला जाणवत असतो. कारण कोठे आहे, हे मात्र तिला कोणी समजावून सांगितलेले नसते. काच ही टाक्याइतकीच रचनेची बाब आहे, ती आपण ठरवू शकतो, तिचा रंग, बाक, जाडी, कडा ह्यांवर आपला अधिकार चालतो, हे ज्या दिवशी तांड्यातल्या मुलीला कळेल त्या दिवशी ती मोलकरीण राहणार नाही. एखाद्या वस्तूचे माध्यम होणे म्हणजे हेच.

येथे कर्नाटकाकडे पाहावे. तेथे संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि २०२३ च्या जुलैत हम्पी येथे जी-२० राष्ट्रांच्या सांस्कृतिक बैठकीच्या वेळी लंबाणी वस्तूंचे विक्रमी प्रदर्शन झाले. समाज तोच, भाषा तीच, आरसा तोच. त्यांच्याकडे एक केंद्र टिकले, स्त्रिया संघटित झाल्या, रचनाकार त्यांच्याकडे गेले. पोहरादेवी ही तर देशभरच्या बंजारा समाजाची काशी. रामनवमीच्या यात्रेला तेथे लोटणारा समुदाय ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या स्थानाचे बळ सांगावयास नको. तेथे नंगाऱ्याच्या आकाराची भव्य वास्तू उभी राहिली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण काचेच्या कपाटात ठेवलेली कांचळी पाहून परत जाणारा तरुण दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीतच जाणार असेल, तर त्या वास्तूने त्याला अभिमान दिला, हात दिला नाही, असे म्हणावे लागेल.

आता ‘काच शिकणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपल्याकडे हजारो विद्यार्थी दरवर्षी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. स्थिरचित्रात काचेचा पेला किंवा बाटली आली, की ती काढताना मुलांची त्रेधा उडते. पारदर्शकता कागदावर कशी आणावी हे कळत नाही. शिक्षक सांगतात, येथे पांढरे सोडा, तेथे गडद करा. उजेड काचेत शिरताना का वाकतो, कडेला हिरवट छटा का दिसते, जाड बूड काळे का भासते, हे त्याच मुलाने एकदा काच वितळवून पाहिली तर त्याला शिकवावे लागणार नाही. हिरवट छटा वाळूतल्या लोहाची असते. निळा रंग कोबाल्टचा. ही माहिती रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे, पेला चित्रकलेच्या तासाला आहे, आणि अपवर्तन पदार्थविज्ञानात आहे. तिन्ही शिक्षक एकाच शाळेत असतात, आणि एकमेकांशी बोलतात ते वेळापत्रकाविषयी.

काचेची शिस्तही मोठी आहे, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तेच तिचे मोल आहे. माती चूक क्षमा करते, पुन्हा मळता येते. काच चूक लक्षात ठेवते. तापविलेली वस्तू घाईने थंड केली तर तिच्या अंगात ताण राहतो. ती आज धड दिसते आणि आठ दिवसांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या फुटते. म्हणून तिला सुमारे ५०० ते ५५० अंशांवर काही वेळ थोपवून मग हळूहळू उतरवावे लागते. ह्याला अनुशीतन म्हणतात. दोन निरनिराळ्या जातींच्या काचा एकत्र वितळविल्या तर त्या चिकटतात, परंतु थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि सांधा तडकतो. खिडकीची साधी काच प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ पावणेतीनपट प्रसरण पावते. हे सूत्र फळ्यावर लिहून विसरले जाते. तडकलेल्या तुकड्यावरून शिकलेले विसरले जात नाही.

वाशीममध्ये लगेच काच फुंकण्याची भट्टी उभारावी, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तसे करणे हा मूर्खपणा ठरेल. रात्रंदिवस जळणारी भट्टी म्हणजे रात्रंदिवस जळणारा पैसा. अशा भट्ट्यांची सांगाडे झालेली स्मारके आपल्या सहकारी औद्योगिक वसाहतींत कमी नाहीत. प्रारंभ विद्युत भट्टीपासून व्हावा. तीत काचेचे तुकडे रचून साधारण ७५० ते ८०० अंशांवर एकजीव करता येतात, आणि त्याहून कमी उष्णतेला काच साच्यावर वाकविता येते. काम झाले की कळ बंद. जवळच्या बाजारातल्या फुटक्या तावदानांवर आणि रिकाम्या बाटल्यांवर हे काम होते. फक्त एका बाटलीच्या तुकड्यांत दुसऱ्या बाटलीचे तुकडे मिसळावयाचे नाहीत, ही पहिली शिस्त. भारनियमनाची धास्ती आहेच. चांगल्या उष्णतारोधक विटांची भट्टी मध्येच वीज गेली तरी काही काळ ऊब धरून ठेवते, पण ऐन चढत्या तापमानात वीज गेली तर तो दिवस वाया गेला असे समजावे. दुसरी पायरी ज्योतीवरच्या कामाची: वायू आणि प्राणवायूच्या ज्योतीवर काचकांडी तापवून मणी, नळ्या, लहान पात्रे करणे. विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हे कसब जाणणारा एखादा माणूस पूर्वी असे. तो निवृत्त झाला आणि फुटलेले उपकरण दुरुस्त करण्याऐवजी नवे मागविण्याची प्रथा पडली. अशी माणसे आजही शोधली तर सापडतील. त्यांना शिक्षक म्हणून बोलवावे. त्यांच्याकडे पदविका नसेल, तर तो अडथळा नियमाचा आहे, विद्येचा नाही. बाकदार आरशासाठी लागणारे पातळ फुगे ज्योतीवरही फुंकता येतात, मोठे नसले तरी. आणि आरशाला मोठा फुगा कशाला हवा?

आक्षेप येतीलच. वाशीम हा नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपैकी एक; महाराष्ट्रातून असे चारच जिल्हे निवडले गेले. जेथे सोयाबीनचा भाव आणि शेताला पाणी हे रोजचे प्रश्न आहेत तेथे काचेचे कौतुक कशाला, असे विचारले जाईल. हा प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आकांक्षित जिल्ह्यातल्या मुलाने फक्त तारतंत्री, जोडारी किंवा संधाता व्हावे आणि रचनेची आकांक्षा पुण्या-मुंबईच्या मुलांनी धरावी, ही वाटणी कोणी केली? वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराच्या काळी ह्या गावाच्या नावाने काव्याची एक रीती, वच्छोमी, ओळखली जात होती. शैली ही गोष्ट ह्या गावाला नवी नाही, एवढे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फिरोजाबादच्या भट्ट्यांनी देशाला बांगड्या दिल्या, आणि कित्येक पिढ्या मुलांचे बालपण, माणसांची फुप्फुसे घेतली. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा आदेश दिला. संगमरवर काळवंडतो म्हणून हवा शुद्ध करावी लागली. त्या हवेत श्वास घेणारी माणसे त्याआधीही तेथे होतीच. म्हणून काचेच्या शिक्षणाचा विचार करताना आपण आणखी एक बांगड्यांची मजूरवस्ती निर्माण करणार नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. वितळत्या काचेपाशी अल्पवयीन मुलाला नेता कामा नये. बारीक काचपूड फुप्फुसात जाणे धोक्याचे आहे. कापणे-घासणे पाण्याखालीच व्हावे. आणि संख्येच्या मागे लागू नये. वर्षाला एक हजार प्रशिक्षणार्थींचे उद्दिष्ट ठेवले, की प्रमाणपत्रे हजार होतात आणि हात एकही तयार होत नाही. दहा जणांना दोन वर्षे शिकवावे.

विकणार कोठे, हा तिसरा प्रश्न. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला, आणि तो महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. नाजूक माल मुंबईस नेण्याची सोय झाली आहे. महानगरांतील उपाहारगृहे, निवासगृहे, कचेऱ्या काचेचे दिवे आणि पडदे मागवितात, त्यांपैकी पुष्कळ परदेशातून येतात. ह्या बाजारात वाशीमचा माल स्वस्त म्हणून टिकणार नाही. स्वस्ताईत चीनशी आपली बरोबरी नाही. दुसऱ्याला करता येत नाही असे काही त्यात असले तरच तो टिकेल. आरशाचा टाका आणि काच ह्यांचा मेळ दुसऱ्याजवळ नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत त्यांनी स्थानिक कारागिरांकडे जावे असे सांगितले. ही तरतूद चांगली आहे. आपल्या शाळांत तिचे सहलीत रूपांतर होण्याचा संभव अधिक, कारण शिक्षकाला त्या दिवशी काय विचारावे हेच माहीत नसते. मानोरा, कारंजा, रिसोड येथील चित्रकलेच्या शिक्षकांनी ते दहा दिवस तांड्यात काढावेत. मुलांना जुन्या कांचळीवरचे आणि नव्या कांचळीवरचे आरसे शेजारी ठेवून पाहावयास लावावे, दोन्हीवर उन्हाचा कवडसा पाडून भिंतीवर तो कसा पडतो त्याचे चित्र काढावयास लावावे. ह्यासाठी भट्टी लागत नाही, अनुदान लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

परिपत्रक लागते ते पुढच्या पायरीला. कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण खात्यात, औद्योगिक प्रशिक्षण संस्था कौशल्य विकास खात्यात, खादी व ग्रामोद्योग मंडळ उद्योग खात्यात, आणि तांड्यांच्या विकासाचे महामंडळ आणखी चौथ्या खात्यात. काच ह्या चारही दारांतून परत पाठविली जाऊ शकते, आणि प्रत्येक दारावर तिला शिष्टपणे पुढच्या दाराचा पत्ता मिळेल. पोहरादेवीच्या संग्रहालयाला मात्र स्वतःची जागा आहे, विजेची जोडणी आहे आणि वर्षभर येणारा समाज आहे. त्याच्या आवारात दोन खोल्यांची एक कार्यशाळा, एक विद्युत भट्टी, ज्योतीची चार मेजे आणि अहमदाबादहून वा बनारसहून दोन वर्षांसाठी बोलाविलेला एक शिक्षक, एवढ्याची व्यवस्था जिल्हा नियोजन समितीने आपल्या निधीतून करावी. विद्यार्थ्यांत निम्म्या जागा भरतकाम येणाऱ्या तांड्यातील स्त्रियांना ठेवाव्यात, आणि निवड लेखी परीक्षेने करू नये.